बंदुकांची शिरगणती

बीड जिल्ह्यात माणसे मोजण्याचे एक माप रूढ आहे आणि ते एका हत्याराच्या नावाने ओळखले जाते. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला येथे 'एक कोयता' म्हणतात, आणि गडी एकटाच निघाला तर तो 'अर्धा कोयता'. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, आष्टी, शिरूर ह्या तालुक्यांतून दरसाल किती कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेले, ह्याचा हिशेब कारखान्याच्या चिटणिसापासून गावच्या किराणा दुकानदारापर्यंत सर्वांच्या तोंडी असतो. आणि जिवंत माणसाची गणती लोखंडी पात्यावर व्हावी, ह्याचे वैषम्य कोणास वाटत असल्याचे निदान मला तरी कधी दिसले नाही. परंतु 2024 च्या डिसेंबरात ह्याच जिल्ह्यात दुसऱ्या एका हत्याराची गणती सुरू झाली, आणि तिने मात्र राज्याच्या विधिमंडळापर्यंत खळबळ उडवून दिली. जिल्ह्यात परवान्याच्या बंदुका किती आणि त्या कोणाच्या कमरेला, हा तो प्रश्न होता.

त्या प्रश्नाचे निमित्त सर्वश्रुत आहे. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख ह्यांचे 9 डिसेंबर 2024 रोजी भर दिवसा अपहरण झाले आणि सायंकाळी त्यांचा मृतदेह सापडला. पवनऊर्जेच्या एका कंपनीकडे मागितलेली खंडणी आणि तीवरून उद्भवलेला तंटा ही ह्या प्रकरणाची पार्श्वभूमी म्हणून तपासयंत्रणेने मांडली. खटला न्यायप्रविष्ट असल्यामुळे कोणी काय केले ह्याचा निवाडा येथे करण्याचा अधिकार मला नाही. मात्र त्यानंतर लोकांनी काय केले, ते नमूद करणे अवश्य आहे. 28 डिसेंबरला बीड शहरात सर्वपक्षीय मोर्चा निघाला. 1 जानेवारी 2025 रोजी मस्साजोगचे ग्रामस्थ, त्यांत पुष्कळशा स्त्रिया, गावच्या तलावाच्या पाण्यात उतरून उभे राहिले. त्याच महिन्यात सरपंचांचे बंधू आणि गावकरी पाण्याच्या टाकीवर चढले. फेब्रुवारीच्या अखेरीस गावाने अन्नत्याग केला, आणि त्या उपोषणाच्या काळातच उज्ज्वल निकम ह्यांची विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली.

आता चिकित्सक वाचक येथे मला अडवील, आणि त्याने अडवावेच. देशमुख ह्यांचा मृत्यू गोळीने झाला नाही. तो अमानुष मारहाणीने झाला. मग ह्या सर्व आक्रोशात बंदूक कोठून आली? ह्याचे उत्तर असे की, बीडमध्ये बंदुकीचे काम बहुधा गोळी सुटण्यापूर्वीच आटोपलेले असते. पांढरा सदरा किंचित वर सरकवून कमरेचे पिस्तूल दिसेल अशा बेताने खुर्चीत बसणारा इसम, लग्नाच्या वरातीत डीजेच्या ठेक्यावर हवेत बार काढणारा नवरदेवाचा मित्र, मोबाईलवरील रीळमध्ये बंदुकीची नळी कॅमेऱ्याकडे रोखून चित्रपटाचा संवाद म्हणणारा विशीतला पोरगा, ही चित्रे जिल्ह्याला नवी नव्हती. वाळूच्या ठेक्यावर, औष्णिक वीजकेंद्राच्या राखेच्या वाहतुकीवर, पवनचक्कीसाठी जमिनीचे करार होत असताना, समोरच्या पक्षाने हुज्जत घालू नये एवढ्यापुरतेच ते पिस्तूल हवे असते. ज्याला ते दिसते तो सही करतो, फिर्याद देत नाही, साक्ष फिरवतो. आणि पोलिसांच्या दप्तरात ह्यांपैकी कशाचीच नोंद 'गोळीबार' ह्या सदरात होत नाही. म्हणूनच एका निर्घृण मारहाणीनंतर लोकांचे लक्ष बंदुकीकडे वळले, हे मला मुळीच विसंगत वाटत नाही. ज्या धाकाच्या छत्रछायेत ती मारहाण शक्य झाली, त्या धाकाचे राजचिन्ह त्यांनी बरोबर ओळखले होते.

ह्या शस्त्राच्या परिभाषेकडे पाहिले तरी पुष्कळ बोध होतो. 'बंदूक' आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आली, 'पिस्तूल' आणि 'काडतूस' हे शब्द पोर्तुगिजांनी किनाऱ्यावर उतरवले, 'परवाना' पुन्हा फारसी दरबाराचा. देशी शब्द एकच, आणि तो म्हणजे 'कट्टा'. पारावरचा कट्टा म्हणजे गावाची मोकळी बैठक, जेथे सरपंचापासून गुराख्यापर्यंत कोणीही टेकावे आणि कोणाचीही टिंगल करावी. आणि गावठी कट्टा म्हणजे ती बैठक क्षणात मुकी करणारी वस्तू. एकाच ध्वनीचे हे दोन अर्थ एकाच गावात नांदावेत, हा भाषेचा विनोद मोठा कडवट आहे.

परवान्याचा इतिहास तर त्याहूनही विचित्र आहे. 1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या राजवटीत हत्यारांचा जो कायदा झाला, त्याने हिंदी माणसाला शस्त्रासाठी सरकारच्या दाराशी उभे केले आणि गोऱ्या माणसाला मोकळे सोडले. तो अपमान इतका झोंबला की राष्ट्रसभेने आरंभीच्या अधिवेशनांतच त्याविरुद्ध ठराव केले. बीड त्या वेळी निजामाच्या अमलाखाली असल्यामुळे इंग्रजी मुलखाचा हा कायदा येथे परस्पर लागू नव्हता. पण शस्त्र ही मर्जीतल्या माणसाला मिळणारी सनद होय, ही समजूत संस्थानी मुलखात उलट अधिकच पक्की होती, आणि 1948 च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईपूर्वी रझाकारांच्या हातांतील बंदुका पाहिलेल्या पिढीने ती आपल्या नातवंडांपर्यंत पोहोचवली. स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम 1959 चा. त्याने गोऱ्याकाळ्याचा भेद काढून टाकला, पण परवाना म्हणजे प्रतिष्ठा हे समीकरण मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर असल्यामुळे तसेच राहिले. वाड्याच्या ओसरीवर खुंटीला टांगलेली, खंडेनवमीला तेलपाणी करून हळदकुंकू वाहिलेली बारा बोरची बंदूक ही जुन्या मराठवाड्यात घराण्याच्या वजनाची खूण होती. आज ओसरी गेली, खुंटी गेली. वजनाची ती हौस कमरेवर येऊन बसली आहे.

कायद्याचे यंत्र कसे चालते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण सारा वाद त्याच्याच एका दातेरी चक्राशी अडला आहे. जिल्ह्यात परवाना देणारा अधिकारी जिल्हाधिकारी. अर्ज त्यांच्या कचेरीत जातो, पोलिसांकडून अर्जदाराचे चारित्र्य आणि त्याने सांगितलेली गरज ह्यांविषयी अहवाल मागवला जातो, आणि 'माझ्या जीविताला धोका आहे' हे वाक्य बहुतेक अर्जांत असतेच. 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाने बाळगावयाच्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, आणि लग्नकार्यात वा मिरवणुकीत बेदरकारपणे केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. अधिनियमाचे कलम 17 सर्वांत महत्त्वाचे: सार्वजनिक शांततेसाठी वा सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास दिलेला परवाना निलंबित अथवा रद्द करता येतो. म्हणजे अधिकार होता. वापरण्याची निकड कोणी निर्माण करावी, एवढाच प्रश्न होता.

ती निकड एका आकड्याने निर्माण केली. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया ह्यांनी त्या डिसेंबरात जाहीरपणे मांडले की, बीड जिल्ह्यात 1,222 शस्त्रपरवाने आहेत, शेजारच्या परभणीत 32 आणि अमरावतीत 243. पुढे निरनिराळ्या निवेदनांत बीडचा आकडा थोडा मागेपुढे झाला, बाराशेच्या खाली मात्र तो आला नाही. 2011 च्या जनगणनेत बीडची लोकसंख्या 25,85,049 आणि परभणीची 18,36,086 होती. वाचकाने कागदपेन्सिल घेऊन भागाकार करून पाहावा: बीडमध्ये सुमारे 2,100 माणसांमागे एक परवाना, परभणीत सुमारे 57,000 माणसांमागे एक. दोन्ही जिल्हे गोदावरीच्या काठचे, दोन्ही निजामी अमलातून आलेले, दोन्हीकडे दुष्काळ सारखाच पाचवीला पुजलेला. मग बीडकराच्या जिवालाच एवढा धोका कोठून? जो युक्तिवाद भाषणांनी होऊ शकला नसता तो ह्या भागाकाराने केला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस ह्यांनी परवान्यांच्या फेरतपासणीचे आश्वासन दिले. जिल्ह्यात नव्याने आलेले पोलीस अधीक्षक नवनीत काँवत ह्यांनी गुन्हे दाखल असलेल्या परवानाधारकांची फेरिस्त तयार करून रद्द करण्याचे प्रस्ताव पाठवले. आणि 2025 च्या आरंभीच्या महिन्यांत रद्द झालेल्या परवान्यांची संख्या प्रथम 183 वर आणि नंतर तीनशेच्या वर गेली. ज्यांच्यावर गुन्हे दाखल होते त्यांना मुळात परवाने मिळाले कसे, किंवा मिळाल्यानंतर गुन्हे दाखल होऊनही टिकले कसे, ह्याची कैफियत मात्र कोणी कोणाकडे मागितल्याचे माझ्या वाचनात नाही.

काँवत ह्यांच्याच कारकिर्दीतील दुसरी एक गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. बीडच्या पोलीस ठाण्यांतील टेबलांवर ज्या नावांच्या पाट्या आल्या, त्यांवर आडनाव नाही. मराठा आणि वंजारी ह्या दोन समाजांतील तेढ ज्या जिल्ह्यात आडनावावरून सुरू होते आणि आडनावापाशीच संपते, तेथे फिर्याद घेणाऱ्याचे नुसते नाव वाचावयास मिळणे ही मला बंदूक काढून घेण्याइतकीच शहाणपणाची तजवीज वाटते.

परवान्यावरून सुरू झालेली अशीच एक चळवळ स्कॉटलंडमध्ये झाली, आणि तिची हकिगत बीडच्या वाचकाने विशेष लक्षपूर्वक वाचावी. डनब्लेन नावाच्या लहानशा गावातील प्राथमिक शाळेच्या व्यायामगृहात 13 मार्च 1996 च्या सकाळी एक मनुष्य शिरला आणि त्याने पाच-सहा वर्षांची 16 मुले आणि त्यांच्या शिक्षिकेला गोळ्या घालून ठार केले. त्याच्याजवळची चारही पिस्तुले कायदेशीर परवान्याची होती! पुढे लॉर्ड कलन ह्यांच्या चौकशीत उघड झाले की, पाच वर्षांपूर्वीच एका पोलीस अधिकाऱ्याने ह्या इसमाचा परवाना काढून घ्यावा अशी लेखी शिफारस केली होती आणि वरिष्ठांनी तीवर काहीच कारवाई केली नाही. हे कळल्यावर तेथील लोकांनी काय मागावे? दुःखाच्या भरात माणूस सारे जग बदलावयास मागतो. पण ॲन पिअरस्टन आणि त्यांच्या मैत्रिणींनी एकच मोजकी मागणी धरली: खाजगी माणसाजवळ पिस्तूल नको. मार्चमध्ये त्या भागात फुलणाऱ्या स्नोड्रॉप ह्या पांढऱ्या फुलाचे नाव चळवळीला दिले गेले, आणि बाजारांत, रस्त्यांच्या नाक्यांवर टेबले मांडून सात लाखांवर सह्या गोळा झाल्या. एका सरकारने मोठ्या व्यासाची पिस्तुले बंद केली, निवडणुकीनंतर आलेल्या दुसऱ्या सरकारने 1997 संपण्यापूर्वी उरलेलीही बंद केली, आणि सुमारे 1,62,000 पिस्तुले लोकांनी सरकारजमा केली. 1996 च्याच एप्रिलात ऑस्ट्रेलियातील पोर्ट आर्थर येथे 35 माणसे मारली गेली, तेव्हा तेथे रिबेका पीटर्स प्रभृती कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे तयार करून ठेवलेला मसुदा कामी आला; बारा दिवसांत राष्ट्रीय करार झाला, सुमारे साडेसहा लाख बंदुका सरकारने मोबदला देऊन विकत घेतल्या आणि वितळवल्या. त्या करारातील एक अट आपल्या कचेऱ्यांनी भिंतीवर लावण्याजोगी आहे: परवान्यासाठी खरेखुरे कारण दाखवावे लागते, आणि आत्मसंरक्षण हे कारण ग्राह्य धरले जात नाही. बीडच्या बाराशे अर्जांना ही अट लावली असती तर किती उरले असते, हे वाचकानेच ताडावे.

ह्या कथा वाचून असे वाटण्याचा संभव आहे की, लोक रस्त्यावर आले म्हणजे बंदूक हटतेच. ब्राझिल हे त्यावरचे उत्तम औषध आहे. तेथे 2001 च्या मातृदिनी स्त्रियांनी एक मोहीम काढली, 'बंदूक नको! ती किंवा मी' अशी तिची घोषणा होती, आणि पोर्तुगीज भाषेत शस्त्र स्त्रीलिंगी असल्यामुळे घरात सवत आणून ठेवल्याचा जो भाव त्या घोषणेत होता, तो मराठीतही जसाच्या तसा उतरतो. बंदूक आपल्याकडेही स्त्रीलिंगीच आहे. बायका नवऱ्यांना, आया मुलांना हेच विचारू लागल्या. त्या वर्षीच्या जूनमध्ये रिओ शहरात जप्तीच्या एक लाख बंदुका जनतेदेखत नष्ट करण्यात आल्या. 2003 च्या डिसेंबरात निःशस्त्रीकरणाचा कडक कायदा झाला. लोकांनी स्वखुशीने लाखो शस्त्रे परत केली. आणि मग ऑक्टोबर 2005 मध्ये बंदुकांची विक्री अजिबात बंद करावी काय, असा कौल घेतला गेला, तेव्हा सुमारे 64 टक्के मतदारांनी 'नाही' म्हटले. का? पोलिसांवर विश्वास नसलेल्या माणसाला बंदूक हाच शेवटचा पोलीस वाटतो, हे त्याचे एक कारण. बीडमध्ये ज्याच्या फिर्यादीची दखल घेतली गेली नाही असा मनुष्य उद्या परवान्यासाठी अर्ज करील तर त्याला नुसता उपदेश करून भागणार नाही, हे ब्राझिलकडून शिकावे.

अमेरिकेची गोष्ट निराळी. तेथे शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेतच असल्यामुळे 2012 मध्ये सँडी हूक शाळेतील हत्याकांडानंतर उभी राहिलेली मातांची संघटना असो की 2018 मध्ये तसाच घाला सोसलेल्या पार्कलंडच्या शाळेतील विद्यार्थ्यांनी काढलेला विराट मोर्चा असो, त्यांना राज्याराज्यांतून इंच इंच लढावे लागते. आपल्याकडे असा हक्क नाही, ही मोठी सोय आहे. परंतु आपली अडचण परवान्याबाहेरची आहे. जिनिव्हातील स्मॉल आर्म्स सर्व्हे ह्या संस्थेच्या 2017 सालच्या अंदाजाप्रमाणे भारतात नागरिकांच्या हाती सुमारे 7 कोटी 10 लाख बंदुका आहेत आणि त्यांपैकी परवान्याच्या एक कोटीहूनही कमी. मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्याच्या उमर्टी गावाकडून सातपुडा उतरून येणारे गावठी कट्टे कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याच्या नोंदवहीत नसतात. मणिपुरात बिनालक्ष्मी नेप्रम ह्यांनी 2007 मध्ये बंदुकीने विधवा झालेल्या स्त्रियांचे जे जाळे उभारले, तेथे तर परवान्याचा प्रश्नच गौण होता; शिवणयंत्र, बँकेतले खाते आणि कोर्टात सोबत करणारी बाई, हेच तेथील निःशस्त्रीकरण ठरले.

मग परवान्याची शिरगणती निष्फळ काय? माझे मत तसे नाही. चोरट्या कट्ट्याला धाक असतो, प्रतिष्ठा नसते; तो लपवावा लागतो. परवान्याचे पिस्तूल मिरवता येते, कारण त्याच्या मागे सरकारी मोहोर असते, आणि ज्याला ते दाखवले जाते त्याला 'सरकार माझ्या बाजूचे आहे' एवढा निरोप त्यातून बरोबर पोहोचतो. तो निरोप मागे घेणे सरकारच्या एका सहीच्या हातात आहे; आणि ती सही लोकांच्या गणतीनंतरच झाली, हे बीडने दाखवून दिले. मेक्सिकोतील कुलियाकान शहरात पेद्रो रेयेस नावाच्या शिल्पकाराने लोकांकडून 1,527 बंदुका जमा करून त्या वितळवल्या आणि त्याच लोखंडाची 1,527 फावडी करून त्या फावड्यांनी झाडे लावण्याचा उपक्रम चालवला. कोयत्यावर माणसे मोजणाऱ्या जिल्ह्याला ही हकिगत परकी वाटू नये. खंडेनवमीला आपण फावड्याचीही पूजा करतोच.

परवाना रद्द झालेल्यांना विभागीय आयुक्तांकडे अपील करण्याची मुभा आहे, आणि राहिलेल्यांची मुदत दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते. म्हणजे मोर्चे पांगल्यावर, वर्तमानपत्रांचे लक्ष दुसरीकडे गेल्यावर, एकेक परवाना निमूटपणे परत जिवंत होण्यास वाव आहे. तेव्हा बीडच्याच नव्हे तर कोणत्याही जिल्ह्यातील वाचकाला माझी विनंती एवढीच आहे: आपल्या तालुक्यात आज शस्त्रपरवाने किती, मागील वर्षी किती नवे दिले, किती रद्द केले आणि रद्द केलेल्यांपैकी किती पुन्हा दिले, हे चार प्रश्न एका साध्या कागदावर लिहून माहितीच्या अधिकाराखाली जिल्हाधिकारी कचेरीत द्यावेत. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.